कोळंबीची कोशिंबीर

आमच्याकडे कोशिंबीर म्हटली की काकडी, गाजर, फार तर मुळा. तिच्यात कोळंबी घातली आहे असे सांगितले की जेवायला बसलेला माणूस एकदा वाटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहतो. तोच पदार्थ ‘सीफूड सॅलड’ म्हणून उंच काचेच्या पेल्यातून आणला तर मात्र कोणाला काही वाटत नाही. मीही बरीच वर्षे त्या पेल्याच्याच नादी लागले होते. उकडलेली कोळंबी, सॅलडची पाने आणि वरून बाटलीतले मेयोनीज, एवढीच माझी विद्या होती. एका मे महिन्यात पाहुणे यायच्या दोन तास आधी मी हे सगळे कालवून ठेवले आणि वाढायला काढले, तेव्हा तळाशी दुधट पाणी साचले होते, कोळंबी रबरासारखी झाली होती आणि तिखटपणासाठी चिरून घातलेल्या चार मिरच्यांचा कुठे मागमूस नव्हता. पाहुणे सभ्य होते, त्यांनी पानांचे कौतुक केले.

मिरच्या का हरवल्या ते पुढे कळले. मेयोनीज म्हणजे मुळात अंड्याच्या बलकाने धरून ठेवलेले तेल. नेहमीच्या मेयोनीजमध्ये वजनाच्या 70 टक्क्यांच्या आसपास तेलच असते. मिरचीतले झोंबणारे द्रव्य तेलात सहज विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही, त्यामुळे ते त्या गुळगुळीत सॉसमध्येच अडकून राहते आणि जिभेपर्यंत पोहोचते ते बोथट होऊन. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर तर हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत अंडेही नाही. कोळंबी खाण्यासाठी शाकाहारी सॉस शोधणारी आपली जमात बहुधा एकमेवच असावी. पण माझी खरी तक्रार निराळीच आहे. मेयोनीज शिळ्या आणि ताज्या कोळंबीला एकाच पंक्तीला बसवते. ते काढून टाकले की कोळंबी उघडी पडते, आणि मग बाजारात वाटा उचलण्याआधी डोके घट्ट आहे ना, साल चकचकीत आहे ना, हे निरखून पाहावे लागते. कोळीण ‘आताच आलीय गो’ म्हणाली तरीसुद्धा.

आता मी अर्धा किलो मध्यम कोळंबी घेते, सोलून पाठीतला काळा दोरा काढते, पण साले आणि डोकी फेकत नाही. दोन वाट्या पाण्यात मीठ, चार मिरी आणि आल्याचा ठेचलेला तुकडा घालून ती दहा मिनिटे उकळली की पाणी केशरी होते आणि घरभर असा वास सुटतो की शेजारचे मांजर दाराशी येऊन बसते. ते पाणी गाळून पुन्हा उकळी आणायची, त्यात कोळंबी सोडायची, लगेच गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचे. दोनअडीच मिनिटांत राखाडी निळसर कोळंबी गुलाबी होते. हा रंग बाहेरून येत नाही, कोळंबीत तो असतोच. कच्च्या मांसातल्या प्रथिनांनी त्याला जखडून ठेवलेले असते आणि उष्णतेने ती पकड सुटते एवढेच. कोळंबी नुकती वाकली की बाहेर काढायची. तिने शेपूट डोक्याकडे नेऊन वेटोळे केले, तर वेळ टळली असे समजावे. पुष्कळ जण ती लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात. मला ते पटत नाही, कारण एवढ्या मेहनतीने आणलेली चव त्या पाण्यात उतरते. मी ताटात पसरून पंख्याखाली ठेवते. माकूल, म्हणजे स्क्विड, घालायची असेल तर तिच्या चकत्यांना उकळत्या पाण्यात एक मिनिट पुरते, आणि ते चुकले तर पुढे अर्धा तास शिजवल्याशिवाय ती पुन्हा मऊ होत नाही. नुसत्या लिंबात मुरवून कच्ची मासळी खाण्याची पेरू देशातली रीत मी वाचली आहे, पण लिंबाने मांस पांढरे दिसू लागले तरी त्यातले सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

उरलेले केशरी पाणी आटवून दोन चमचे करायचे. मेयोनीजमुळे जो दाटपणा यायचा तो यातून येतो, आणि चव कोळंबीचीच राहते. त्यात चमचाभर कोकमाचे आगळ, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर गूळ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि अर्धा चमचा खोबरेल. आगळ खारट असते, म्हणून मीठ आत्ता घालायचे नाही.

काकडी मात्र किसायची नाही, चोचवायची. हातात उभी धरून सुरीने तिच्यावर टकटक घाव घालायचे, मग आडवी कापायची. वाटीत जे पडते त्याला धार असते, लगदा होत नाही. त्यावर मीठ पडले की दहा मिनिटांत पाणी सुटते, आणि माझ्या त्या मे महिन्यातल्या सॅलडचे तळे तिथूनच भरले होते. हे पाणी शोषून घेण्यासाठी दाण्याचे कूट घालतात, ते देशावरच्या कोशिंबिरीत उत्तमच लागते. मासळीत मला ते चालत नाही. इथे मूठभर ओले खोबरेच हवे.

खोबऱ्याची ही युक्ती माझी नव्हे. वेंगुर्ल्याची आत्या गोव्याकडची किसमूर करीत असे. सुका जवळा निवडायचा, तव्यावर कोरडा कुरकुरीत भाजायचा आणि कांदा, ओले खोबरे, लाल तिखट, चिंचेचा कोळ यांत कालवायचा. जवळा हे कोळंबीचे पिल्लू नव्हे, तो वेगळीच जात आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी महागते, तेव्हा कोकणातल्या घरात हाच डबा उघडतो. आम्ही मुले डाळभात वाढून होईपर्यंत किसमूर कालवलेली पाहिलीच नाही. घाई केली की आत्या म्हणायची, “आधी कालवलंस तर जवळो मऊ पडतलो.” आत्याकडे तेवढ्यासाठी तीन वाट्या वेगवेगळ्या झाकून ठेवलेल्या असत. मी तोच जवळा खाऊन वाढले आणि तरी दोन तास आधी सॅलड कालवून ठेवले, याचे मला अजून नवल वाटते.

आता माझ्याही फ्रिजमध्ये तीन वाट्या असतात: कोळंबीची, काकडी-खोबऱ्याची आणि आगळाची. पाने मांडली की त्या एकत्र करायच्या, वर कोथिंबीर आणि लागेल तेवढेच मीठ. मे महिन्यातले तेच पाहुणे गेल्या रविवारी पुन्हा आले होते. या वेळी दीडच मिरची घातली होती. त्यांनी दोनदा पाणी मागितले आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.