तुम्ही विचारलंत म्हणून: लहान मुलाचा पुतळा सोपा असतो का?

शिल्पकलेच्या वर्गात नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, लहान मुलाचा पुतळा सोपा ना? अंगावर करण्यासारखं काही नसतंच." नसतं, हीच तर पंचाईत आहे. मोठ्या माणसात गळ्याखालची हाडं, बरगड्या, गुडघ्याची वाटी अशा पकडायला जागा मिळतात. दोन वर्षांच्या पोराची हाडं गुबगुबीत अंगाखाली दडलेली. शिवाय डोकं उंचीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं. ते जरा लहान झालं, की मूल जाऊन तिथे बुटका माणूस उभा राहतो.

मग मी फोटो दाखवते तो ऑस्लोतल्या 'सिन्नाटागेन'चा. गुस्ताव विगेलान या नॉर्वेजियन शिल्पकाराचं हे संतापलेलं पोरगं फ्रोग्नर पार्कातल्या पुलावर उभं आहे. पुलावर ब्राँझची 58 शिल्पं, पण गर्दी याच्याभोवती. डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, मुठी आवळलेल्या, एक पाय आपटायला उचललेला. दुकानात खेळणं नाकारल्यावर आपलं कार्टं जे करतं, तेच. विगेलानने त्याला जराही गोड केलेलं नाही, आणि माझ्या मते लोकांचा जीव जडला तो त्यामुळेच. चौकाचौकांतली हसरी, गुटगुटीत बाळं कुणाच्या लक्षात राहतात?

शहरानेही या माणसावर भरवसा टाकला. 1921 च्या करारानुसार त्याला राहायला आणि कामाला स्टुडिओ मिळाला, बदल्यात त्याची शिल्पं शहराची झाली. (आपल्याकडे असा करार झाला असता तर आधी टेंडर निघालं असतं, असो.) 1943 मध्ये तो गेला तेव्हा पार्क पुरा व्हायचा होता, पूल मात्र 1940 मध्येच खुला झाला होता.

पोराचे हाल म्हणाल तर विचारू नका. जो येतो तो त्याची डावी मूठ धरून फोटो काढतो. ब्राँझवरचा काळपट थर घासून घासून निघालाय आणि ती मूठ पिवळीधमक झालीय. चोरांनीही त्याला एकदा पळवलं होतं, सुदैवाने सापडलं. 2021 मध्ये कुणीतरी घोट्याला करवत लावली.

तर उत्तर: नाही, सोपा नसतो. मूल करायचंच असेल तर रडणारं करा. कपाळ, ओठ, मुठी ताणल्या जातात, मातीला काहीतरी धरायला मिळतं. हसरं बाळ मी पहिल्या वर्षी कुणालाच करू देत नाही.