माझा अर्ज कन्नडमध्ये का असतो

गेल्या एक नोव्हेंबरला बेळगावात काळ्या दिनाची, म्हणजे आपला मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, सायकल फेरी निघायच्या आधी संभाजी उद्यानात एका पोरानं पुन्हा विचारलं. दंडाला काळी फीत बांधलेली आणि प्रश्न अगदी मनापासून. "काका, शहाऐंशीच्या कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात तुम्ही लाठ्या खाल्ल्यात. एक जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जायला कधी चुकत नाही. मग माहिती हक्काचे अर्ज कन्नडमध्ये का टाकता?"

हाच प्रश्न मला पारावर विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर मयताच्या घरी विचारलाय. दर वेळी मी कलम सांगून सुटत आलो. २००५ च्या कायद्याचं कलम ६(१) म्हणतं की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. आपल्याकडची राजभाषा कन्नड. मराठीतला अर्ज परत आला की त्यांच्या लेखी अर्जच झालेला नसतो, मग तीस दिवस कुठून मोजणार? हे उत्तर खोटं नाही, पण मी त्याच्यामागं लपत आलोय. त्या पोराला फेरीच्या गडबडीत तेवढंच सांगितलं आणि घरी आल्यावर जेवण गेलं नाही. म्हणून आज पुरतं लिहितो. माणसांची नावं, गाव आणि कार्यालय मात्र लिहिणार नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

२०१९ चा ऑगस्ट. मार्कंडेय नदी शेतात शिरली होती ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. माझ्या चुलतभावाच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, मातीच्या घराची मागची भिंत आणि माजघर रात्रीत बसलं. भाऊ आधीच वारलेला. वहिनी दोन पोरींना घेऊन गोठ्यात राहायला गेल्या. सर्व्हेला माणसं आली, जीपीएस फोटो काढून गेली. पूर्ण पडलेल्या घराला 'ए' कॅटेगरीत पाच लाख होते. वहिनींना 'सी' लागली, पन्नास हजार. आणि गल्लीत ज्यांच्या स्लॅबला तडासुद्धा गेला नव्हता अशा घरांना 'ए' मिळाल्याची कुजबूज सुरू झाली.

यादी कुठं बघायची? विचारलं की उत्तर यायचं, "कंप्युटरमध्ये आहे." पंचायतीच्या फलकावर एक कागद लागला होता, कन्नडमध्ये, बारीक अक्षरात. गावात तो वाचणारी मोजकी माणसं होती आणि त्यातले निम्मे स्वतःच यादीत होते. खरं तर लाभार्थींचा तपशील कुणी मागायचीसुद्धा गरज नाही. कलम ४ प्रमाणे तो कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचा असतो, आणि तोही स्थानिक भाषेचा विचार करून. मराठी बोलणाऱ्या गावात ज्या भाषेतला कागद लावला तो गाव वाचू शकत नसेल, तर तो कपाटात ठेवला काय आणि फलकावर लावला काय, सारखंच. याला मी गुपितच म्हणतो. त्याला 'गोपनीय' असा शिक्का लागत नाही एवढंच.

मी पहिला अर्ज मराठीत केला. परत आला. दुसरा पुन्हा मराठीत केला, सोबत घटनेचं कलम ३५० जोडलं. देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं असं त्यात आहे. आवक टेबलावरच्या माणसानं सांगितलं की हे गाऱ्हाणं नाही, माहितीचा अर्ज आहे. मग एका वकिलाकडून इंग्रजीत लिहून घेतला. त्याचं उत्तर आलं कन्नडमध्ये, की माहिती मोठ्या प्रमाणावर आहे, नेमकं काय हवं ते कळवा. तोवर हिवाळा सरत आला होता. वहिनी अजून गोठ्यातच होत्या.

त्या कार्यालयात एक मुलगी डाटा एन्ट्रीला होती. कंत्राटी. पूर्वेकडच्या तालुक्यातली, घरात कन्नड, मराठी तोडकी. जिन्यात तिनं मला थांबवलं. "काका, तुम्ही चुकीचं विचारताय की. यादी मागू नका. फोटो मागा." मला कळेना. मग ती हळू आवाजात म्हणाली, "एक भिंत आहे. मी तीनदा बघितलीय."

दुसऱ्या दिवशी सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, तिनं मला एक कागद दिला. त्यावर कन्नडमध्ये नऊ-दहा ओळी होत्या. कुठल्या गावचे, कुठल्या कॅटेगरीचे, कुठल्या तारखांमधले जीपीएस फोटो आणि त्यांच्यासोबतचा सर्व्हे अहवाल, असं सगळं नेमकं. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. तिनं बजावलं, "हे दुसऱ्याकडून लिहून घ्या. माझं अक्षर सगळे ओळखतात."

मी दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही.

का, ते मला अनेकांनी विचारलेलं नाही, पण मी स्वतःला रोज विचारतो. डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसच्या आवारात टायपिस्ट बसतात. पन्नासेक रुपयांचं काम होतं. मी तिथपर्यंत गेलोसुद्धा. तिथं महाराष्ट्र एकीकरण समितीतले दोघे ओळखीचे उभे होते. त्यांच्यासमोर कन्नड अर्ज टाईप करून घ्यायची मला लाज वाटली. शहाऐंशीत पोलिसांसमोर छाती काढून उभा राहिलेला मी, त्या दोघांनी काय म्हटलं असतं याला भ्यालो. एवढंच खरं कारण आहे. बाकी मी जी कारणं लोकांना सांगितली, की उशीर झाला होता, शेवटची बस होती, ती नंतर जुळवलेली. तिच्याच कागदाखाली मी मराठीत सही केली, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली आणि अर्ज आत दिला. आवक टेबलावरच्या माणसानं कागद हातात घेतला, वाचला, आणि वाचून झाल्यावरही बघत राहिला. ते मला दिसलं होतं. शिक्का मिळाला म्हणून मी खूश होऊन बाहेर पडलो.

माहिती मुदतीत मिळाली. एकेचाळीस पानं, दोन रुपये पानाप्रमाणे ब्याऐंशी रुपये. पैसे भरताना तिच्या खुर्चीत दुसरा मुलगा दिसला. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "अवरु बरूदिल्ल री." त्या येत नाहीत. अर्ज दिल्यापासून आठवड्याभरात तिला 'उद्यापासून नको' असं सांगितलं होतं. कंत्राटी माणसाला नोटीस नाही, चौकशी नाही, निलंबनाचा आदेश नाही. कागदच नाही, तर कुठल्या कागदाची प्रत मागायची?

ती एकेचाळीस पानं मी बसमध्येच उघडली. फोटोंना भाषा लागत नाही. भिंत आमच्या वहिनींची होती. पडलेल्या माजघराचा फोटो तीन बाजूंनी काढून तीन वेगळ्या नावांखाली चढवला होता, तिन्ही 'ए'. एका फोटोत कोपऱ्यात वहिनींची धाकटी उभी होती, हातात हंडा घेऊन.

आणि ती तीन नावं आमच्याच माणसांची होती. हे लिहायला मला जड जातं, कारण पलीकडचे लोक हेच उचलून धरतील. पण लिहिलं नाही तर मग माझ्यात आणि त्या फलकावरच्या कागदात फरक काय? तिघांतला एक माझ्या शेजारी फेरीत चालणारा. देवळातल्या बैठकीत मी पानं पुढं ठेवली, तेव्हा तो उठून म्हणाला, "आधी सांग, तू कन्नडमध्ये अर्ज का केलास?" हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो त्यानं. बैठक त्याच प्रश्नावर दोन तास चालली. भिंतीवर दहा मिनिटंसुद्धा नाही. आता तोच प्रश्न स्वच्छ मनाची पोरं विचारतात तेव्हा मी चिडतो, त्यांची चूक नसताना. त्या पोरानं हे वाचलं तर त्यानं मला माफ करावं.

पुढचं थोडक्यात. फेरतपासणी झाली. वहिनींना 'ए' लागली, हप्त्याहप्त्यानं घर उभं राहिलं. तिघांपैकी दोघांचे पुढचे हप्ते थांबले. ज्यांनी फोटो चढवले त्यांचं काही झालं नाही. या सगळ्यात नोकरी गेली ती एकीचीच, जिनं खरं सांगितलं तिची.

नंतर मी कायदा शोधत बसलो. शोधला तो तिच्यासाठी की माझ्या मनाच्या समाधानासाठी, हे मी नक्की सांगू शकत नाही. सत्येंद्र दुबे या अभियंत्यानं सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये, अशा माणसांच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून अंमलात आणलेला नाही. उलट १९२३ चा, इंग्रजांनी केलेला गोपनीयतेचा कायदा अजून जागेवर आहे. सांगणाऱ्याला धाक घालणारा शंभर वर्षं टिकतो आणि त्याला वाचवणारा छापून पडून राहतो, हे मला सहन होत नाही. तशात २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यानं माहिती हक्काचं कलम ८(१)(जे) बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक हितासाठी मागायला त्या कलमात जागा होती, ती काढून टाकली. उद्या त्याच तीन नावांबद्दल 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर आलं, तर मला ते वरपर्यंत भांडावं लागेल.

पण दुबेंचं नाव सरकारी टेबलांनी फोडलं. हिचं मी फोडलं. इथं मला कुठल्याच कायद्याच्या आडोशाला जाता येत नाही.

त्यानंतर मी कन्नड लिहायला शिकलो. त्रेपन्नाव्या वर्षी, पुतणीच्या शाळेतल्या वाचनाच्या पुस्तकावरून. त्यांचा 'म' आणि 'य' मला अजून फसवतात. पहिली ओळ स्वतः वाचली ती अर्जाच्या नमुन्याची, 'माहिती हक्कु'. शब्द आपलेच. त्या रात्री मला आनंद झाला नाही, राग आला. चाळीस वर्षं जे समोर होतं ते मी वाचायचंच नाकारलं होतं. तेव्हापासून माझा अर्ज माझ्या हातचा असतो. वेडावाकडा, पण माझा. आवक टेबलावर ते अक्षर आता कुणाचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी मला काही सांगितलं असेल, तर त्याच्यापर्यंत पोचायला त्या कागदावर काहीच नसतं.

एकोणीस वर्षांचा मी आज समोर असतो तर म्हणाला असता, तू हरलास. तुझा प्रत्येक कन्नड अर्ज उद्या पुरावा म्हणून दाखवतील, की बघा, यांना मराठी कागदांची गरजच नाही. त्याचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. म्हणून प्रत्येक अर्जासोबत मी मराठी प्रत जोडतो आणि कलम ४ चा हवाला देऊन मराठीत यादी लावा अशी मागणी करतो. त्या प्रतीला आजवर एकदाही उत्तर आलेलं नाही. मराठी परिपत्रकं मिळावीत ही मागणी माझीही आहे, आणि ती मिळेपर्यंत वहिनींसारख्यांनी गोठ्यात थांबावं असं मला म्हणवत नाही. दोन्ही एकदम कसं धरायचं, याची वाट मला सापडलेली नाही.

तिला मी एकदा भेटलो. पत्ता मिळवून, बस बदलून गेलो. दारातच उभी राहिली, आत सासू होती. मी माफी मागायला लागलो तर मध्येच म्हणाली, "वहिनींचं घर झालं काय?" झालं म्हटलं. "मग झालं की." थोडं थांबून तिनं विचारलं, "तो कागद परत मिळंल काय, काका?"

तो कागद फायलीत आहे. गेल्या वर्षी मी फाईल पाहणीचा अर्ज केला, माझ्या हातानं लिहिलेला, आणि बघून आलो. तिचं गोल, सुबक अक्षर आणि खाली माझी मराठी सही. त्याच फायलीत तीन नावांचे फोटो आहेत, फेरतपासणीचा अहवाल आहे, वहिनींच्या पाच लाखांचा सगळा आधार आहे. 'फाईल सापडत नाही' या उत्तराविरुद्ध मी किती अपिलं केली असतील. त्या दिवशी कारकून पाणी प्यायला बाहेर गेला, टेबलावर मी आणि ती फाईल दोघंच होतो, आणि मला वाटलं, ही फाईल हरवावी. मग कारकून आला आणि मी फाईल त्याच्या हातात दिली.