कोथिंबीर वडी आणि अर्धी वाटी पाणी

"पाणी कुणी घालायला सांगितलं गं तुला?" चाळणीला चिकटलेला लगदा बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या.

मंगळवार बाजारातनं कोथिंबिरीच्या 2 जुड्या आणलेल्या, एक धुतली, चिरली, बेसन, थोडं ज्वारीचं पीठ, तीळ सगळं बरोबर, वर मोबाईलमध्ये बघून अर्धी वाटी पाणी घातलं आणि 20 मिनिटं वाफवून पण सुरीला चिकटतंयच.

त्यांनी उरलेली जुडी चिरली, मीठ चोळून नुसती ठेवून दिली. पाणी आपोआप सुटलं की! त्यातच पीठ भिजलं. उंडे मस्त घट्ट. (गार झाल्यावरच कापायचे, हेही आजच कळलं.) शेंगा चटणीसोबत सगळ्या वड्या फस्त.

लग्नाला 11 वर्षं झाली, मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. का बरं?