द्राक्षबागेतल्या शूटसाठी बॅटरी निवडताना

द्राक्षाच्या मांडवाखाली सकाळी आठ वाजताही अंधारून असतं. वर पानांचं छप्पर, डोक्याशी पेपर गुंडाळलेले घड आणि खुडा करणाऱ्या बायकांचे चेहरे नेमके सावलीत. दिंडोरीकडच्या बागांमधून शूटची कामं यायला लागली, तेव्हाच ठरवलं की आपला ६० वॅटचा एलईडी दिवा बॅटरीवर चालायलाच हवा. बागेत पॉइंट असतो तो पंपाशेजारी, आणि शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. जनरेटर लावला की शेतकऱ्याच्या मुलाखतीचा आवाज गेलाच म्हणून समजा.

चौकशीला सुरुवात नाशिकच्या एमजी रोडपासून केली. तिथे सगळं बोलणं एमएएचमध्ये, म्हणजे बॅटरीवर लिहिलेल्या मिलिॲम्पिअर-अवरच्या आकड्यात. ‘दादा, ही वीस हजारची पॉवर बँक घ्या ना, ती व्ही-माउंट तर सहा हजार सातशेचीच आहे,’ एक दुकानदार मनापासून सांगत होता. व्ही-माउंट म्हणजे दिव्याला किंवा कॅमेऱ्याला खाचेत अडकवायची विटेसारखी बॅटरी. ऐकायला पटतंही. पण व्होल्टेज धरल्याशिवाय एमएएचवरून काहीच कळत नाही. पॉवर बँकेतला सेल ३.७ व्होल्टचा आणि वीस हजार एमएएच म्हणजे २० ॲम्पिअर-अवर, म्हणून २० गुणिले ३.७, झाले ७४ वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत साठलेली एकूण वीज. व्ही-माउंट १४.८ व्होल्टची, ६.७ गुणिले १४.८, झाले ९९. लहान आकड्याच्या बॅटरीतच वीज जास्त!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका वेळी ती किती वीज देऊ शकते. त्या पॉवर बँकेवर बारीक अक्षरात कमाल २२.५ वॅट लिहिलेलं होतं. मोबाइलला भरपूर, पण माझ्या दिव्यासाठी उपयोग शून्य. व्ही-माउंटच्या पाठीवर कमाल १० ॲम्पिअर होतं, म्हणजे जवळजवळ १४८ वॅट. दिव्याला ‘६० वॅटचा’ म्हणत असलो तरी पंखा आणि सर्किट धरून माझा दिवा ७० च्या आसपास ओढतो. म्हणून बॅटरी बघायला जाताना मी दिवाही सोबत नेत होतो. काउंटरवरच लावायचा, फुल्ल करायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. दुकानदार कुरकुरत नाहीत. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हटल्यावर आतली चांगली वस्तू बाहेर येते.

एनपी-एफ, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या बॅटऱ्या, माझ्याकडे आधीपासून आहेत. छोट्या पॅनल लाइटला त्या उत्तम. पण ७.२ व्होल्टच्या ६६०० एमएएच बॅटरीत जेमतेम ४७ वॅट-अवर असतात, आणि मोठ्या दिव्याला लावल्या तर सारखी अदलाबदल. पॉवर स्टेशनचाही, म्हणजे घरच्यासारखा प्लग लावता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या पेटीचाही विचार केला. लग्नात, हळदीला, एका जागी बसून काम असेल तर ते छानच. मात्र बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट करायची आणि दिव्याच्या ॲडॅप्टरने ती पुन्हा खाली आणायची, यात बरीच वाया जाते. शिवाय ओळींमधून ते धूड उचलून फिरायचं कोणी?

व्ही-माउंट पक्की झाल्यावर प्रश्न उरला मोठी एक की लहान दोन. मी ९९ च्या दोन घेतल्या. एक संपली तर दुसरी लावून काम पुढे सरकतं, आणि स्टँडवरचं वजनही आवाक्यात राहतं. दुसरं कारण विमानाचं. ओझरहून बाहेरगावच्या लग्नांना जावं लागतं, आणि लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची मंजुरी हवी, त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. कंपन्या ९९ वर का थांबतात, ते यातच आलं.

घरी आणल्यावर दोन्ही पूर्ण चार्ज करून दिवा फुल्लवर लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. गणिताने ९९ भागिले ७० म्हणजे ८५ मिनिटं. हाती आली सव्वा तासाच्या आसपास. निम्म्या उजेडावर मात्र दोन तास सहज निघतात. बागेत मी बहुतेक निम्म्यावरच ठेवतो. दिवा जवळ आणून सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारं कापडी खोकं लावलं की चेहऱ्याला तेवढा उजेड पुरतो आणि मागच्या पानांचा हिरवा रंगही मरत नाही.

आता काळजी उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त होतं, म्हणून बॅटऱ्या डिकीत ठेवत नाही. शूटवरून आल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावत नाही, आधी निवू देतो. पावसाळ्यात कामं कमी असतात, तेव्हा निम्म्या चार्जवर कपाटात ठेवतो आणि महिन्यातून एकदा बटण दाबून किती उरलीय ते बघतो. फुल्ल भरून पडून राहिली की लिथियमचं आयुष्य घटतं.