कप्तानाची वही

रोज चार ओळी लिहिणारा माणूस स्वतःकडे जरा नीट पाहत असणार, असं आपण धरूनच चालतो. जॉन न्यूटनची जहाजावरची वही या समजुतीला सुरुंग लावते.

न्यूटन हा लिव्हरपूलच्या जोसेफ मॅनेस्टी या व्यापाऱ्याच्या गुलामवाहू जहाजांवरचा कप्तान. १७५० ते १७५४ या काळात त्याने तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महिनोन् महिने नांगर टाकायचा, घासाघीस करून माणसं विकत घ्यायची आणि ती अटलांटिकपलीकडे नेऊन विकायची, हे काम. वहीत आधी वारा, मग हवा, मग आज किती घेतले, कोण आजारी. विकत घेतलेल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. क्रमांक ११ ची बाई वारली. बाई चांगली होती, बरेच दिवस आजारी होती, पण इतकं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं, असंही तो लिहितो. हळहळ आहेच, पण ती माणूस गेल्याची की माल गेल्याची, हे त्या ओळीवरून सांगता येत नाही. एकदा मुलांवर बंडाला मदत केल्याचा संशय आला, तर कबुलीसाठी त्यांची बोटं स्क्रूच्या पेचात ‘हलकेच’ दाबली, अशीही नोंद आहे. ‘हलकेच’ लिहायला तो विसरला नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

त्याच टेबलावर, बहुधा त्याच शाईने, तो बायकोला पत्रं लिहायचा. मेरीवर त्याचा फार जीव. पत्रं इतकी हळवी की पुढे त्यांचं पुस्तक निघालं. रविवारी खलाशांना जमवून प्रार्थनाही घ्यायचा. यात त्याला काहीच विसंगत वाटत नव्हतं, आणि ढोंग म्हणावं तर तेही नाही.

‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र याच न्यूटनचं. वादळात जहाज बुडता बुडता वाचलं, डोळे उघडले आणि त्याने धंदा सोडला, अशी गोष्ट सांगितली जाते. ऐकायला छान आहे. पण ते वादळ १७४८ मधलं. कप्तान तो त्यानंतर झाला! धंदा सुटला तो १७५४ मध्ये. पुढच्या सफरीला दोन दिवस उरले असताना, बायकोबरोबर चहा पीत बसलेला हा गृहस्थ अचानक झटका येऊन कोसळला, म्हणून. बेड्या आणि साखळ्यांचा कंटाळा आला होता, तुरुंगाधिकाऱ्यासारखं वाटायचं, असं तो म्हणतो. पण हे पाप आहे असं तेव्हा मनात आलं नव्हतं, हेही तोच कबूल करतो.

मग बंदरावर जकातीची नोकरी, पुढे ऑल्नी गावात पाद्रीपण, नंतर लंडन. या व्यापाराविरुद्धची पुस्तिका त्याने छापली ती १७८८ मध्ये, साठी उलटल्यावर. जेमतेम पाच फूट उंचीच्या तळघरात दोन थर करून, फळीवर पुस्तकं लावावीत तशी माणसं एकमेकांना खेटून निजवत, असं त्यात आहे. हे दृश्य काही त्याला नव्याने दिसलं नव्हतं. वही लिहिताना ते रोज पायाखालीच होतं, आणि वर तो वाऱ्याची दिशा टिपत होता.

ब्रिटिश संसदेने हा व्यापार मार्च १८०७ मध्ये बंद केला. न्यूटन त्याच वर्षी डिसेंबरात वारला. आधी विकले गेले होते ते मात्र गुलामच राहिले. त्यांच्यासाठीचा कायदा यायला १८३३ उजाडावं लागलं.