गुप्त पान

पोस्टातून निवृत्त झालेल्या नानांच्या सूनबाई रिक्षातून दोन खोकी घेऊन आल्या. "ताई, रद्दीवाला काटा घेऊन बसला होता, पण ह्यांना देववेना. तुम्ही ठेवून घ्या." आत ४१ वह्या.

सातारा जिल्ह्यातलं आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय. कार्यवाहांनी खोक्यात डोकावून एवढंच विचारलं, "ह्याचा सरकारी तपासणीला काय उपयोग?" आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन दाखल नोंदवहीत चढवतात; त्यांना पुस्तक म्हणजे त्यातली एक ओळ.

दुपारी गर्दी नसते. वर्गांक, म्हणजे ड्युईच्या दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला असतो तो आकडा, द्यावेत म्हणून पहिली वही उघडली. १९५७, नवे पैसे नुकतेच आलेले. 'एक आणा दिला तर ६ नवे पैसे, चार आण्यांचे मात्र २५. चार वेळा सुटा आणा मोडला तर एक पैसा कुणाच्या खिशात?' ठीक, ३३२.४, चलन. त्याच पानावर खाली, बाजरीची भाकरी थापताना चिरते, ज्वारीची कमी, असं का? मग ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप: 'लंबकाचे घड्याळ ४.२१ ला थांबले. गजराचे चालूच.' ५५१.२२. मग १६ फेब्रुवारी १९८०, सूर्यग्रहण. गाव दारं लावून बसलेलं आणि हे कडुनिंबाखाली उभे, कारण जमिनीवरचे सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते. शेजारी पेन्सिलीने एकेक कोर काढलेली. ५२३.७८.

ड्युईच्या पद्धतीत विषय कितीही असोत, फडताळावर उभं राहायला जागा एकच. 'संकीर्ण' म्हणून मोकळं होता येतं. आमच्याकडे तो विभाग भरून वाहतो, कारण संकीर्ण म्हणजे बहुतेकदा वर्गीकरण करणाऱ्याचा कंटाळा. नानांना तिथे टाकायचं जिवावर आलं.

३८ व्या वहीत मथळा होता 'वाचनालय'.

बाहेरच्यांना माहीत नसतं, पण वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. दर्शनी पानावर शिक्का असतोच. शिवाय आत एका ठरलेल्या पानावरही मारतात. चोर पहिलं पान फाडतो, आतलं त्याच्या लक्षात येत नाही. आमचं पान कितवं, ते इथे सांगणार नाही. नानांनी मात्र अचूक लिहिलं होतं. खाली: 'बहुधा चोरीसाठी. पण पुढील चार पुस्तकांत नाही. का?' आणि चार दाखल क्रमांक.

शिपायाला न सांगता मी स्वतः शिडी लावली. एक पुस्तक बाद झालेलं. उरलेली तीन सापडली. तिन्हींत ते पान कोरं.

पुस्तकं बदलली गेली की काय, म्हणून नोंदवही काढली. चारही नोंदी २००३ च्या मार्चअखेरच्या. अनुदान संपवायचं म्हणून तेव्हा एकदम गठ्ठे येतात, लेबलं, खिसे, शिक्के सगळं दोन दिवसांत उरकायचं. अक्षर माझं होतं.

नाना दर शनिवारी पुस्तक बदलायला यायचे. काउंटरवर टेकून पावसापासून पेन्शनपर्यंत सगळं विचारायचे. हे कधी विचारलं नाही.

तीन पुस्तकं टेबलावर आहेत, शिक्क्याची शाई ओली करून ठेवली आहे. आज मारला तर तो उशिराचा म्हणायचा की खोटा, ते ठरत नाही. वह्यांनाही अजून वर्गांक नाही.