खिंडसीवर गेलेली काठी आणि कार्पसाठी रीलची निवड

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही गळानं मासे धरायला नागपुरातल्या ऑटोमोटिव्ह चौकातून निघालो. मी आणि माझा थोरला मावसभाऊ, म्हणजे दादा. कामठी, कन्हान, मनसर, तिथून उजवीकडे रामटेक आणि गडाला वळसा घालून खिंडसी तलाव. नागपुरातून साधारण 50 किलोमीटर. मनसरला चहा घेऊनही उजाडायच्या आत पाळीवर पोचलो.

आदल्या आठवड्यात एकदा जाऊन परवानगी काढून ठेवली होती. हे काम आधी करा. आपल्याकडचे बरेचसे जलाशय आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्यातलं बीज लोकांनी स्वतःचे पैसे घालून सोडलेलं असतं, त्यामुळे न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरणं. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात तर मासेमारीला बंदीच आहे, तिकडे फिरकूच नका.

चारा घरीच केला होता. शेंगदाण्याची ढेप, भाताचा कोंडा आणि कणीक, वास यायला भाजून कुटलेली मेथी. गळाला उकडलेला मका. काठावरून तीस-पस्तीस मीटरवर चाऱ्याचे गोळे टाकले, दोन्ही काठ्या स्टँडवर ठेवल्या, टोकाला घुंगरू बांधलं आणि बसलो.

माझ्या काठीला 2500 नंबरचं साधं स्पिनिंग रील होतं. याच रीलनं मी झिल्पीला पाव-अर्धा किलोचे मृगळ काढलेत, म्हणून मला ते पुरेसं वाटत होतं. वाऱ्यानं तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ढिला पडत होता, म्हणून ड्रॅग, म्हणजे तंगूस किती ताणावर सुटावा ते ठरवणारा रीलमधला ब्रेक, जरा जास्तच आवळला. पावणेआठच्या सुमारास डबा उघडायला मागे वळलो. घुंगरू एकदाच वाजलं. मान फिरवेपर्यंत काठी स्टँडवरून उडून पाण्यावर सरकत होती, आणि चार-पाच हात गेल्यावर बुडाली.

डोंग्यावरचे एक काका ते पाहत होते. अर्ध्या तासानं दोरीला लोखंडी आकडा बांधून त्यांनी काठी वर काढून दिली. मासा गेला होता, तंगूस गाठीपाशी तुटला होता आणि रीलमध्ये रेती शिरली होती. काका म्हणाले, "काठी बांधून ठेवा लागते भाऊ. हे मासोळी झटका नाही देत, घेऊनच जाते."

कार्पचं खाणंच तसं आहे. सिप्रिनस (कॉमन कार्प) असो, रोहू असो की मृगळ, यांच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. मासा तळाचा चिखल चारा-कचऱ्यासकट ओढून घेतो, तोंडात चाचपतो आणि नको ते थुंकतो. 60 ग्रॅमचं शिसं तळाला असलं, की थुंकताना गळ ओठात रुततो. टोचलं की मासा जीव घेऊन पळतो. त्या क्षणी काठी हातात नसते, स्टँडवर असते. म्हणून कार्पसाठी रील बघताना माझा पहिला प्रश्न एकच: मासा पळाला आणि मी दोन पावलं लांब असलो, तर हे रील काय करेल?

दादाच्या रीलला मागच्या बाजूला एक खटका आहे. शिमानोनं अशा रीलला बेटरनर नाव दिलं आणि आता कुठल्याही कंपनीचं असलं तरी लोक तेच म्हणतात. खटका पाडला की मुख्य ड्रॅगला हात न लावता स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली चकरी, मोकळं होतं आणि मासा हवा तेवढा तंगूस घेऊन जातो. हँडल थोडं फिरवलं की खटका आपोआप वर येतो आणि लावून ठेवलेला ड्रॅग लागू होतो.

साडेनऊला त्याच्या काठीचं घुंगरू वाजलं. स्पूल आधी दोन दात फिरलं, थांबलं, मग टर्रर्र करत सुटलंच. काठी जागची हलली नाही. दादानं ती शांतपणे उचलली, हँडल अर्धा फेरा फिरवलं, खट् आवाज आला आणि काठीची कमान झाली. मासा डावीकडच्या बेशरमाच्या झुडपांकडे धावला तेव्हा ड्रॅग एकसारखा सुटत होता, कुठे अडकणं नाही की हिसका नाही. पंधरा मिनिटांनी जाळीत आला तो सोनेरी-पिवळा सिप्रिनस, 5 किलो 200 ग्रॅम. त्याच्या वरच्या ओठात गळ अगदी कडेला टोचला होता. ड्रॅगनं एक हिसका दिला असता तरी तो सुटला असता.

दुपारी काका आमच्याजवळ बसले. त्यांच्याकडे रील नाही, पत्र्याच्या डब्यावर गुंडाळलेली दोरी आहे. फेकताना ते डब्याचं तोंड पाण्याकडे धरतात आणि दोरी काठावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जाते, डबा फिरत नाही. आपलं स्पिनिंग रील म्हणजे हेच तत्त्व. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीवाल्यानं 1905 मध्ये अशा रीलचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसं सुटतं ते बघून त्याला ते सुचलं, असं सांगतात. ज्या नागपुरात 1877 पासून एम्प्रेस मिल चालली, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आता घ्यायचं काय? तळाला चारा ठेवून काठी स्टँडवर टाकणार असाल तर बेटरनर पद्धतीचंच रील घ्या, 5000 किंवा 6000 आकाराचं. आकाराचे नंबर कंपनीप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून स्पूलवर छापलेली क्षमता वाचा. 0.35 मिलिमीटरचा तंगूस 200 मीटर बसला पाहिजे. असं रील अर्धा किलोच्या पुढे भरतं, पण काठी हातात धरायची नसल्यानं वजनाचा त्रास नाही. गिअर 4.8:1 च्या आसपास असू द्या, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला तंगूसाचे जवळपास पाच वेढे. जास्त वेगाच्या गिअरला जड मासा ओढताना हात भरून येतो.

बेअरिंग किती आहेत ते दुकानदार आधी सांगेल. मी ते आता शेवटी विचारतो. आधी ड्रॅग अर्धवट आवळून तंगूस हातानं सावकाश ओढतो. सुरुवात अडखळत झाली, मग एकदम सुटला, तर ते रील परत ठेवतो. कार्पचा ओठ अशा पहिल्या हिसक्यालाच फाटतो.

हातात काठी धरून तरंग्यावर लहान मासे काढणार असाल तर 2500 उत्तम, माझंही मी साफ करून त्याच कामाला ठेवलंय. मरळसाठी बेडकाचं आमिष फेकायला बेटकास्टर (ज्याचं स्पूल फेकताना स्वतः फिरतं ते रील) चांगलं, कार्पसाठी त्याच्या वाटेला मी जाणार नाही.

ड्रॅग अंदाजानं लावू नका. 12 पौंडाचा तंगूस म्हणजे जवळपास साडेपाच किलोची ताकद. आमच्या घरी रद्दी मोजायचा स्प्रिंगचा काटा आहे, त्याला तंगूस बांधून दीड किलोला ड्रॅग सुटेल असा लावतो, म्हणजे ताकदीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शात. मोकळ्या स्पूलचा ताण मात्र इतका हलका, की दोन बोटांनी ओढलं तर सुटावं आणि वाऱ्यानं सुटू नये.

आणि मासा तंगूस नेत असताना हँडल फिरवू नका. मी ही चूक दुसऱ्या दिवशी दादाचं रील हातात असताना केली. ड्रॅग घसरत असताना हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला तंगूसात जवळपास पाच पीळ पडतात. दहा मिनिटांनी तो स्पूलवरून जिलबीसारखा वेटोळी घालत उठायला लागला. मग गळ-शिसं काढून काकांच्या डोंग्यामागे 100 मीटर तंगूस सोडला आणि ताणून परत गुंडाळला, तेव्हा पीळ गेला.

तंगूस स्पूलच्या काठापासून 2-3 मिलिमीटर खाली राहील इतपत भरा. कमी भरला तर काठावर घासून फेक आखूड पडते. रील रेतीवर ठेवू नका, खाली गोणपाट अंथरा. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसा आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात.

दोन दिवसांत एक सिप्रिनस, तीन किलोचा एक रोहू आणि चार मृगळ मिळाले. लहान मृगळ सोडून दिले. मार्च अर्धा सरला की दुपारी पाळीवर बसवत नाही, पहाट आणि संध्याकाळच धरा. पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळ अंड्यावर असतात, तेव्हा आम्ही काठ्या माळ्यावर टाकतो. मी परवाच 6000 चं बेटरनर साडेतीन हजारांत घेतलं. काकांना फोन करून झालाय, येत्या रविवारी पुन्हा खिंडसी. या वेळी काठीच्या मुठीला सुतळी बांधून ती खुंटीला अडकवणार आहे.